म्हशीमागचे पोर पुस्तकात कुठे आहे?

नेसरी हे नाव महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेल्या बहुतेक पोरांच्या कानावरून गेलेले असते. हे गाव गडहिंग्लज तालुक्यात आहे, तिथे भात पिकतो की ऊस, हे त्यांना ठाऊक नसते. पण २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा सोबत्यांना घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले, ही हकीकत त्यांनी इतिहासाच्या धड्यात वाचलेली असते. कुसुमाग्रजांनी त्या सात वीरांवर कविता लिहिली, लता मंगेशकरांनी ती गायिली. आधी उमराणीला कोंडीत सापडलेल्या खानाला प्रतापरावांनी सोडून दिले, त्यावरून महाराज रागावले, तो राग सेनापतीच्या जिव्हारी लागला, असे इतिहास सांगतो. नेसरीला सात वीरांचे स्मारक आहे. तिथे शाळांच्या सहली येतात, पोरे चढतात-उतरतात, डबे खातात आणि जातात.

म्हणजे नेसरी पुस्तकात आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीची का होईना, पण आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. आज नेसरीत आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर जे पोर पहाटे उठून गोठा झाडते, दूध डेअरीत घालते, दप्तर अडकवून शाळेला पळते आणि सुट्टीच्या दिवशी म्हशी घेऊन माळाला जाते, ते पोर पुस्तकात कुठे आहे?

मुलांच्या गोष्टींची पुस्तके उघडून पाहा. त्यात राजपुत्र असतो, राक्षस असतो, चतुर कोल्हा असतो. नाहीतर पुण्या-मुंबईच्या बिऱ्हाडातला मुलगा असतो, जो उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला येतो, आंबे खातो, विहिरीत डुंबतो आणि जूनमध्ये परत जातो. आपले पोर बारा महिने त्याच मामाच्या गावात राहते! त्याच्या वाट्याला गोष्टीत फार तर गाडीवानाचे काम येते. राजपुत्राच्या गोष्टी वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही, त्याही पोरांना हव्यातच. पण एखादे पोर दहा वर्षे वाचत राहिले आणि त्याला आपल्यासारखे घर, आपल्यासारखा बाप, आपल्या आईसारखी बोलणारी आई एकदाही छापलेली दिसली नाही, तर ते मनाशी काय ठरवील? पुस्तक म्हणजे दुसऱ्यांची चीज, आपला तिथे काही संबंध नाही, असेच ना?

सुदैवाने उत्तर अगदीच वाईट नाही. ते पोर पुस्तकात आहे आणि नेसरीपासून फार लांबही नाही. गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी करत गेले की कागल लागते. त्या कागलच्या मळ्यात ते सापडते.

आनंद यादव यांचा जन्म कागलचा, १९३५ सालचा. त्यांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ हे भाग आले. पण शेतकऱ्याच्या घरात आधी यावी ती ‘झोंबी’च. नावातच सगळे आले. ही झोंबी एका पोराची आहे. शाळेसाठी, बापाशी, दारिद्र्याशी.

पोराला शिकायचे आहे. बापाने त्याला शाळेतून काढून मळ्याच्या कामाला जुंपले आहे. पाणी पाजणे, शेण भरणे, गुरे राखणे, उसाचे गुऱ्हाळ, यांतून पोराची सुटका नाही. पोराने मळा सांभाळावा आणि आपण गावात मोकळे हिंडावे, अशी बापाची रीत. गावात सगळ्यांत आधी गुऱ्हाळ यांचेच लागायचे, कारण गूळ लवकर बाजारात गेला की भाव चांगला मिळतो, असे बापाचे गणित. ऊस रानात आणखी थोडे दिवस उभा राहू दिला तर रस दाट होतो आणि गूळ जास्त पडतो, हे इतर शेतकऱ्यांचे गणित. कोणाचे खरे, हे वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे. गुऱ्हाळ संपल्यावर पोराच्या मनात मात्र एकच विचार घोळतो, की आता कामे सरली, आता तरी शाळा मिळेल का?

बापाला सरळ विचारायची छाती नाही, म्हणून मायलेक एक युक्ती काढतात. गावातले वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्याकडे दोघे जातात आणि गाऱ्हाणे घालतात. देसाई बापाला बोलावून चांगला फैलावर घेतात. बाप कबूल होतो, पण अटी घालून. दिवस उगवायला मळ्यात हजर व्हायचे, अकरापर्यंत पाणी पाजायचे, मग तिथूनच शाळा. शाळा सुटली की घरी दप्तर टाकून पुन्हा रानात, तासभर गुरे चारायची. कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. पोर सगळ्या अटी मान्य करते. त्या वयात त्याला दुसरे काय करता येणार?

वर्गात गेल्यावर नवीच तऱ्हा. बरोबरीची पोरे पुढे गेलेली, हा धाकट्यांत येऊन बसलेला. त्याच्या पोशाखाची थट्टा होते. पण वर्गात वसंत पाटील नावाचा हुशार मुलगा असतो, त्याचे पाहून हा आपल्या पुस्तकांना वर्तमानपत्राच्या कागदाची कव्हरे घालतो, गणिते सोडवायला लागतो. मग न. वा. सौंदलगेकर मास्तर मराठी शिकवायला येतात. ते कविता नुसती वाचत नाहीत, चालीवर म्हणतात आणि स्वतःही कविता करतात. दारातल्या मालतीच्या वेलावर मास्तरांनी कविता केली, हे पाहून पोराच्या ध्यानात येते, की कवी म्हणजे आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस आणि कविता दारातल्या वेलावरही होते. तिथून मळ्यातले एकटेपण त्याला खायला उठत नाही. पाणी पाजताना तो मोठमोठ्याने कविता म्हणतो. कागद हाताशी नसेल तर काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो, नाहीतर खड्याने दगडावर लिहितो, पाठ झाल्या की पुसतो आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना दाखवतो.

म्हशीची पाठ ही पाटी! हे वाचून शहरातल्या टीकाकारांना केवढे नवल वाटले असेल. आपल्याला नवल वाटणार नाही. आपल्याला ती म्हैस ओळखीची वाटेल.

‘झोंबी’तला हाच भाग हिंदीत ‘जूझ’ या नावाने गेला आणि एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘वितान’ या हिंदी पाठ्यपुस्तकात घेतला गेला. त्यामुळे कागलच्या मळ्यातली ही गोष्ट दिल्ली-लखनौकडच्या पोरांनीही अभ्यासली. कागलपासून दोन-तीन तासांवर राहणाऱ्या आपल्या किती पोरांनी ती वाचली आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

आता एक अवघड गोष्ट. ‘झोंबी’ वाचताना शेतकरी बापाला सुख लागणार नाही. त्यातला बाप मारतो, शिव्या देतो, पोराच्या शिकण्याआड येतो. ‘हे असले पुस्तक पोराच्या हाती दिले तर ते उद्या आपल्याकडेच बोट दाखवील’ अशी धास्ती कुणालाही वाटेल. ती खोटी नाही. पण नीट वाचले तर त्या बापाचीही एक अडचण दिसते. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, जमिनीवर हक्क नाही, हाताखाली गडी नाही आणि गुराढोरांचे काम थांबत नाही. एक पोर शाळेला गेले की दोन हात कमी होतात, हा हिशेब क्रूर असला तरी हिशेब आहे आणि तो आपल्या अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या मांडला गेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूदही केली. दंड का ठेवावा लागला? हाच हिशेब महाराजांनाही पक्का ठाऊक होता, म्हणून. आमचे मत असे की ‘झोंबी’ आधी आईबापांनी वाचावी, मग पोराला द्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी पोराकडून रात्री दोन-दोन पाने वाचून घ्यावीत. बापाला ठेच लागेल. पण त्या ठेचेवर पोराशी चार शब्द बोलता येतील, जे एरवी बोलले जात नाहीत.

या पुस्तकाचा दुसरा गुण भाषेचा. आपले पोर घरी जसे बोलते तसे शाळेच्या वहीत लिहिले की त्यावर लाल रेघ येते. ‘न्हाई’, ‘हाय’, ‘कशापायी’ हे सगळे अशुद्ध. शाळेला तिचे नियम आहेत, प्रमाण मराठी पोराला यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण दहा वर्षे लाल रेघा पाहून पोराला आपल्या आईची बोलीच लाजिरवाणी वाटू लागते. तालुक्याच्या कॉलेजात गेलेले पोर आईला चारचौघांत ‘जरा नीट बोल की’ म्हणते, हे आपण पाहतो. तीच बोली पानामागून पान छापलेली, बक्षीस मिळवलेली, मोठमोठ्या माणसांनी वाखाणलेली दिसली की पोराची मान थोडी वर होते. हे काम व्याख्यानाने होत नाही.

नेसरीकडच्या वाचकाला आणखी जवळचे वाटेल असे एक पोर आहे. त्याचे नाव लंपन. प्रकाश नारायण संत यांनी ते निर्माण केले. संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव, कऱ्हाडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे गृहस्थ. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ अशी लंपनची चार पुस्तके आहेत. पहिले १९९४ मध्ये आले. संत २००३ मध्ये गेले. लंपन आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे राहतो. तिथली मराठी कानडी हेलाची आणि माणसेही दोन्ही भाषांत वावरणारी. गडहिंग्लजच्या पूर्वेकडे ज्या घरांत मराठी आणि कानडी एकाच चुलीवर शिजते, तिथल्या पोरांना हे वाचताना कोशाची गरज पडणार नाही.

लंपनवर कुणी अन्याय करत नाही. आजी प्रेमळ आहे, आजोबा चांगले आहेत, सुमीसारखी मैत्रीण आहे. तरी पोराच्या पोटात एक कालवाकालव आहे. घर आठवते, आई आठवते आणि ते कुणाला सांगता येत नाही. शाळेसाठी आजोळी, मावशीकडे, नाहीतर वसतिगृहात ठेवलेली पोरे आपल्याकडे थोडी नाहीत. ‘तिकडं खायला-प्यायला काय कमी हाय व्हय?’ असे आपण म्हणतो. खाण्यापिण्याला कमी नसतानाही पोर का झुरते, हे लंपन वाचल्यावर कळते. २०२४ मध्ये ‘लंपन’ नावाची मालिकाही आली. ती मोबाईलवर पाहता येते. ती पाहून पोर पुस्तकाकडे वळले तर उत्तमच.

‘श्यामची आई’ सगळ्यांना ठाऊक आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली, १९३५ मध्ये छापली गेली आणि आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पण या पुस्तकाचे आपण एक नुकसान करून ठेवले आहे. पोराने उलट उत्तर दिले की ‘श्यामची आई वाच जरा’ असे म्हणून ते पुस्तक आपण छडीसारखे उगारतो. मग पोर ते कशाला वाचील? खरे तर ते कर्जाने खचत चाललेल्या कोकणातल्या एका घराचे पुस्तक आहे. दारात सावकाराचा माणूस उभा राहिल्यावर घरातल्या बाईची काय अवस्था होते, हे त्यात आहे. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला विहिरीकडे पिटाळणारी आई त्यात आहे आणि तिचा मार पाहून आजचे पोर थोडे चकितही होईल. हप्ते थकलेल्या घरातले चौदा-पंधरा वर्षांचे पोर हे पुस्तक छडीच्या धाकाशिवाय वाचू लागले, तर त्यातले पुष्कळ त्याला आपोआप समजेल.

मुलांच्या मराठी पुस्तकांना ही उपदेशाची खोड जन्मापासूनच आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके १८२८ सालची. तेव्हापासून गोष्ट संपली की खाली तात्पर्य ठोकायचे, असा रिवाज पडला. पोरे हुशार असतात, गोष्ट वाचतात आणि तात्पर्य सोडून देतात. भा. रा. भागवतांनी हे ओळखले होते. त्यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, कुणाला उपदेश करत नाही. सायकल दामटतो, चोर पकडतो, अडचणीत येतो आणि सुटतो. फुरसुंगी हे पुण्याजवळचे त्या काळचे खेडेच. खेड्यातून शिकायला आलेला किडकिडीत पोरगा शहरात सगळ्यांच्या पुढे पळतो, हे वाचून गावाकडच्या कितीतरी पोरांच्या अंगावर मूठभर मांस चढले असेल. दहा-बारा वर्षांच्या पोराला वाचनाची चटक लावायची असेल तर आधी फेणे द्यावा. ‘झोंबी’ आणि लंपन चौदा-पंधराच्या पुढे.

आता ज्यांच्या मनात शंका आहे त्यांच्याशी दोन शब्द. गावात वडीलधाऱ्यांना विचारले तर कुणी पुस्तकाला वाईट म्हणत नाही. पण पोर गोष्टीचे पुस्तक घेऊन बसले की ‘अभ्यासाचं हाय का?’ असा प्रश्न येतो. अभ्यासाचे नसेल तर ‘मग वैरण कोण आणणार?’ हा दुसरा. त्यामागे आणखी एक न बोललेली भीती असते. वाचणारे पोर गावात राहत नाही. आनंद यादवच बघा, कागल सोडून पुण्याला गेले, प्राध्यापक झाले. म्हणजे मळा गेला की हातचा!

या भीतीची थट्टा करू नये. वाचनाने पोराला लांबचे दिसू लागते आणि लांबचे दिसले की पाय उचलले जातात, हे खरेच आहे. पण ज्या घरांत पुस्तक कधी आले नाही, त्या घरांतली पोरे तरी कुठे गावात राहिली? तीही मुंबईला गेली, पुण्याच्या कारखान्यांत गेली, हॉटेलांत राबली. गाव सोडायला पुस्तक लागत नाही, कोरडवाहू एकर-दोन एकर पुरते. उलट ना. धों. महानोर पाहा. अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेड्याला शेती करत राहिले, ‘रानातल्या कविता’ लिहिल्या, आमदार झाले आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत शेतकरी कवी म्हणूनच ओळखले गेले. आपल्या शेजारचे कोवाडही पाहा. ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ लिहिणारे रणजित देसाई तिथलेच. हल्लीचे उदाहरण हवे तर कोल्हापूर जिल्ह्यातलेच सलीम मुल्ला हे वनखात्यात नोकरी करणारे. त्यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या मुलांच्या कादंबरीला २०१९ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. रान सोडून नव्हे, रानात हिंडून लिहिलेले ते पुस्तक आहे.

इथवर वाचताना घरातल्या एखाद्या मुलीने विचारले असेल, ‘आणि आम्ही?’ आंदू, लंपन, श्याम, बनेश, सगळे मुलगेच. या तक्रारीला आमच्याकडे पुरेसे उत्तर नाही. शेतकऱ्याच्या घरातली, धाकट्या भावंडाला काखेत घेऊन स्वयंपाक करणारी, सातवी-आठवीनंतर ‘आता बास’ असे ऐकणारी मुलगी मध्यभागी असलेली पुस्तके मराठीत मोजकीच. गडहिंग्लज तालुक्यातले राजन गवस यांनी ‘चौंडकं’ या कादंबरीत यल्लम्माला सोडलेल्या सुलीची गोष्ट सांगितली. केसात जट आली म्हणून पोरीचे आयुष्य कसे दुसऱ्यांच्या हाती जाते, ते या भागातल्या माणसाने या भागाबद्दल लिहिले आहे. ते लहानांचे पुस्तक नव्हे. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या आईने ते जरूर वाचावे. लहान मुलींसाठी माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तके आहेत. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तरीही नेसरीच्या बाजूची, ऊस भांगलून शाळेला जाणारी पियू अजून कुणी लिहायची आहे. कोण जाणे, ती स्वतःच लिहील.

तोवर एक परदेशी मुलगी घरी आणायला हरकत नाही. तिचे नाव तोत्तोचान. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी आपल्या लहानपणच्या शाळेवर लिहिलेले हे पुस्तक जपानमध्ये १९८१ मध्ये आले. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर नॅशनल बुक ट्रस्टने काढले आहे. पहिल्या शाळेने व्रात्य म्हणून काढून टाकलेली ही मुलगी तोमोए नावाच्या शाळेत जाते. त्या शाळेचे वर्ग म्हणजे आगगाडीचे जुने डबे! मुख्याध्यापक कोबायाशी तिचे बोलणे पहिल्याच दिवशी तासन् तास ऐकून घेतात. त्या शाळेतला एक प्रसंग आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. एक दिवस कोबायाशी मुलांना शेतावर नेतात आणि तिथे काम करणाऱ्या एका शेतकऱ्याची ओळख ‘हे तुमचे आजचे शिक्षक’ अशी करून देतात. तो बिचारा संकोचतो, आपण काही मास्तर नाही म्हणतो. मुख्याध्यापक सांगतात, तुम्ही शेतीचे मास्तरच आहात. मग तो मुलांना तण काढायला, माती भुसभुशीत करायला, बी पेरायला शिकवतो, किडे-पाखरांचे सांगतो, आणि मुले त्याच्याकडे आदराने पाहतात. ही शाळा १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाली. आपल्या शाळेत शेतकऱ्याला वर्गासमोर उभे करून ‘हे तुमचे मास्तर’ असे म्हटलेले आम्ही तरी अजून ऐकले नाही. शाळेत त्याला बोलावतात ते शिक्षक-पालक सभेला, नाहीतर वर्गणीला.

पुस्तके आणायची कुठून, हा व्यवहाराचा प्रश्न राहतोच. प्रत्येक पुस्तक विकत घ्या असे आम्ही म्हणणार नाही. खताच्या पोत्याचा भाव आम्हालाही माहीत आहे. पण शाळेकडे आपला हक्क आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले आहे. तेव्हा समितीच्या सभेला गेलात तर पोषण आहाराच्या आणि खोलीच्या पत्र्याच्या चौकशीबरोबर एवढेही विचारा: गोष्टींची पुस्तके किती आहेत आणि ती कपाटात आहेत की पोरांच्या हातात? पुष्कळ शाळांत पुस्तके असतात, पण फाटतील, हरवतील, हिशेब द्यावा लागेल, म्हणून कुलुपात असतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी बाहेर येतात, फोटो निघतो आणि संध्याकाळी परत आत जातात. मास्तरांनाही दोष देता येत नाही, फाटलेल्या पुस्तकाचे उत्तर त्यांनाच द्यावे लागते. समितीनेच ठराव केला, की वाचून फाटलेल्या पुस्तकाबद्दल कुणाला जाब विचारू नये, तर कुलूप निघेल.

गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथेही जा. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. मुलांसाठी काय घेतले, ‘झोंबी’ आहे का, लंपन आहे का, हे विचारण्यात भीड कसली? बहुतेक ठिकाणी मोठी माणसे वर्तमानपत्र चाळायला येतात आणि मुलांना ‘गलका करू नका’ म्हणून बाहेर घालवतात. वाचनालयात एक तास मुलांचाच ठेवला तर मोठ्यांचे वर्तमानपत्र काही शिळे होत नाही.

आणि मोबाईल. तो आता घराघरांत आहे, त्याला नुसती नावे ठेवून भागणार नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले. वसंत शिरवाडकर त्याचे पहिले संपादक. मराठीतल्या नामवंत लेखकांनी, चित्रकारांनी त्यात मुलांसाठी काम केले. त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहेत. ज्या मुलांनी तेव्हा गावात ‘किशोर’ची वाट पाहिली, ती आता आजोबा-आजी झाली आहेत. नातवाला म्हणावे, तुझ्या त्या मोबाईलवर १९७५ सालचा ‘किशोर’ काढून दाखव पाहू. तो काढून देईल, आजोबा चष्मा लावतील आणि मग तो मोबाईल बराच वेळ परत मिळणार नाही, याची नातवाने तयारी ठेवावी.

पोराला पुस्तक दिल्यावर दुसऱ्या दिवशी ‘काय शिकलास त्यातनं?’ असे विचारू नये. वाटल्यास ‘म्होरं काय झालं?’ एवढेच विचारावे. एखादे पुस्तक अर्धे टाकून दिले तर टाकू द्यावे, दुसरे आणावे. आणि वैरण आणायची वेळ झाली तर पोराला उठवावेच, फक्त पान दुमडून ठेवण्याइतका अवकाश द्यावा.